फिरत्या पंखांचा होला

बेलमळा, ता. कडेगाव
८ जानेवारी २०२५

माज्या राजेश्वरीच्या डोक्यावरनं अंजना आज्जीचा हात फिरलाय आसं समज आन् मग फुडचं वाच.

तुजं पत्र पोचलं. तितं मोबाईल काडून घेत्यात आन् ऐतवारीच थोडा येळ हातात देत्यात, हे वाचून शेजारची सुलाबाई हळहळली. मला मातूर बरंच वाटलं बग. मला मेलीला फोनात काय बी ऐकू येत न्हाई, कानात डास शिरल्यागत गुनगुन हुतंय निस्ती; कानाशी येऊन बोललं तरच समजतंय. आता तुला बी पत्रच लिवाय लागतंय. दुसरीतनं माजी शाळा सुटली तवा गुरुजी म्हनलं हुतं, ह्या पोरीचं अक्षार वळनदार हाय. त्येवड्याच भांडवलावर लिवती. चुकलं तर हसून घे.

तुजा बा तिकडं लष्करात, आई त्येच्यासंगं क्वाटरात, तू जंगलाची राखण शिकाय गेलीस. घरात मी आन् तुजा भाऊ. तरी घर कसं भरलंय म्हनून सांगू! विरूनं औंदा हुरडा पार्टी काडलीया. उंब्रजचा त्येचा दोस्त जयराज, हायवेवर धाबा हाय बग त्येंचा, त्यो गाड्या भरून पावनं आनतो. माज्या हातचा ठेचा खाऊन एक पावना रडला. डोळं पुशीत म्हनला, आज्जी, अजून वाडा. मला लय ग्वाड वाटला त्यो.

आता खरी बातमी. आपल्या विरूनं कुरियरनं एक पाखरू मागवलंय.

होला हाय, पारव्याच्या जातीचा. पिलास्टिकचा, पर हुबेहूब. राखाडी अंग, मानंवर टिकल्या. लोखंडी सळीवर बसवून रानात रवायचा. पोटात बॅटरी, आन् टीव्हीला आसतंय तसं रिमोट. बटन दाबलं की पंख फिरत्यात. फडफडत न्हाईत हां, गरागरा फिरत्यात. पंखाचं एक अंग पांढरंफेक, दुसरं काळपट, त्यामुळं उन्हात निस्तं लखलख, लखलख. बगत बसलं की भाकरी करपती. सुलाबाई आली आन् म्हनती, "आवं आत्याबाई, ह्यो अंडी घालतो का?" म्या म्हनलं, "घालतो की, पर आदी शेल बदलाय लागतो." ती खरंच बुट्टी आनाय निघाली हुती!

विरू म्हनला, "आज्जे, शाळूवरची पाखरं हाकलाय आनलाय. आता तू गोफन फिरवून दंड दुखवून घिऊ नगंस." किती जीव पोराचा माज्यावर.

एक मातूर समजंना. निम्मा शाळू काडलाय, तितं कापल्याल्या खुटांच्या सड्यात त्यो रवलाय. आदी होलं लांबनं जायाचं. आता आभाळातनं वळून वळून त्येच्याकडंच येत्यात, पाय सोडून उतराय बगत्यात. म्या विरूला म्हनलं, "आरं, हे कसलं बुजगावनं? ह्येनं तर पंगतीला बोलीवल्यागत झालं." त्यो म्हनला, "आदी जवळ येत्यात, मग जलमाची भेत्यात." आसंल बाबा, मशीनचं काम. मग पावनं उसाच्या कडंनं फटाकं वाजीवत्यात. मला ऐकू येत न्हाई, छातीवर थप् थप् लागतंय तेवडंच.

विरू मला घरात बस म्हनतो. मी ऊन खायाच्या नावानं बांदाच्या आडनं जाती आन् त्या पाखराशेजारी पोतं टाकून बसती. तू सुट्टीला आलीस की तुला बी बशीवती.

तुजी
आज्जी

•

वन प्रशिक्षण केंद्र
१७ जानेवारी २०२५

प्रिय आज्जी,

तुझं पत्र मी खोलीत मोठ्यानं वाचलं. अंड्याचं वाचल्यावर माझी खोलीतली मैत्रीण सोनिया पलंगावरून पडायची राहिली. सगळ्या मुली आता विचारतात, आज्जीचं पत्र कधी येणार?

हसून झाल्यावर मी पत्र परत वाचलं. आज्जी, मला थोडं विचारायचंय. रागावू नको. त्या पाखराच्या आजूबाजूला पिसं पडलेली असतात का? पाव्हणे गाडीतून लांबडं काही काढतात का, कापडात गुंडाळलेलं? फटाके वाजल्यावर कागदाचे कपटे दिसतात का? आणि तू बसतेस तिथं वरून काही पडतं का?

रविवारी विरूला फोन केला होता. तो म्हणाला, "चिमण्या हाकलायचं खेळणं आहे, तू लगेच साहेबीण होऊ नको." आवाज मला बरोबर वाटला नाही.

एक माझं ऐक. त्या यंत्राजवळ बसू नको. बॅटरीला करंट असतो, लोखंडी सळीतून झटका बसू शकतो. पार्टी असेल त्या दिवशी घरातच थांब. सुलाकाकूला बोलावून घे, गप्पा मारा. एवढं करशील ना?

लगेच उत्तर पाठव. वाट बघते.

तुझी
राजी

•

बेलमळा
२४ जानेवारी २०२५

माजी गुनाची राजी, जेवत जा पोटभर. पत्रात तुजं अक्षार लय बारीक झालंय.

आगं, तुज्या करंटाची आमी मजाच केली. मला इस्वास बसंना म्हनून म्या पाखराच्या पोटाचं झाकान नखानं उगडलं. आत बोटायेवडं शेल! आपल्या हातबॅटरीत आसत्यात तसलं. म्या सळीला हात लावला, पंखाला लावला, जीभ बी लावून बगितली. काय हुत न्हाई. आता तर मी आनकी जवळ बसती. काल घामानं भिजली म्हनून माजी डोक्याची टापशी त्येच्या डोक्यावर वाळत घातली, तर विरू लांबनं पळत आला, "आज्जे, काड, काड!" कसला चिडला हुता. येवडा जीव त्या खेळन्यावर.

तू इचारलंस त्येचं सांगती. पिसं पडत्यात, लय पडत्यात. आपली शेळी पिसं खाती आन् मग ठसकती. कागुद मातूर कुटं दिसला न्हाई, हे तू बरं इचारलंस, माज्या ध्यानात आलं नसतं. लांबडं गाठुडं हाय एक. जयराज म्हनला क्यामेऱ्याची काठी हाय, पाखरांचं फोटू काडायची.

आन् वरनं पडतंय का म्हनलीस, तर व्हय, पडतंय! कसं वळकलंस गं? पाखराशेजारच्या खोपीच्या पत्र्याला मी पाठ लावून बसती, तवा पाठीला समजतंय, वाळू टाकल्यागत तडतड. परवा शाळू पाखडत हुती तर सुपात काळं मनी घावलं. मोहरीयेवडं. म्या म्हनलं मोहरी कशी आली शाळवात? दातानं चावलं तर दातच हालला. वजनाला लय जड. माज्या पदराला बी बारकी बारकी भोकं पडल्यात, ती उंदरानं पाडली आसत्याल. एक मनी ह्या पाकिटात घातलाय, तू शिकलेली हाईस, बगून सांग कशाचं बी हाय त्ये.

आता माज्या मानाचं ऐक. जयराज परवा माज्यापाशी बसला आन् म्हनला, "आज्जी, तुमी बांदावर दिसला की आमाला बरं आसतंय. रस्त्यानं जानाऱ्याला वाटतंय, घरची म्हातारी राखनीला बसलीया." विरू त्येला म्हनला, "तिला नगं रं मदी घिऊ." पर जयराजनं रिमोटच माज्या हातात दिलं! म्हनला, ९ फेब्रुवारीला ऐतवारी सगळ्यांत मोटी पार्टी हाय, पुन्याचं पावनं येनार, पाखरू तुमीच चालवायचं. मी नवी इरकल काडून ठिवलीया. सुलाबाई जळून कोळसा झाली.

तुज्या बापाला सांगू नगंस, मी त्येला फोटूच धाडनार हाय.

तुजी मशीनवाली
आज्जी

•

वन प्रशिक्षण केंद्र
१ फेब्रुवारी २०२५

आज्जी,

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे. ते तुला शनिवारपर्यंत मिळालंच पाहिजे. नीट, दोनदा वाच.

करंटाचं मी खोटं लिहिलं होतं. तू घाबरशील म्हणून. चुकलं माझं. माझ्या खोटेपणामुळं तू अजून जवळ जाऊन बसलीस.

तू पाठवलेलं बी नाही. तो बंदुकीचा छर्रा आहे. शिसं. फटाके नाहीत ते, बार आहेत. म्हणून कागद पडत नाही. पदराची भोकं उंदरानं पाडलेली नाहीत, आज्जी.

आणि ते पाखरू बुजगावणं नाही. वरून उडणाऱ्या होल्याला ते पांढरं-काळं लुकलुकणं दिसतं आणि वाटतं, आपल्यातला एकजण खाली उतरतोय. तो उतरतोय म्हणजे खाली दाणे आहेत, भीती नाही. म्हणून ते वळतात, पाय सोडतात, वेग कमी करतात, आणि उसाच्या कडेला बसलेले त्यांना टिपतात. होला मारणं गुन्हा आहे. धरलं तर तुरुंग आहे. आणि मी ज्या खात्याचे कपडे घालणार आहे, तेच खातं धरतं.

तुला तिथं का बसवतात ते जयराजनं तुझ्या तोंडावरच सांगितलंय. परत आठवून बघ.

मागच्या रविवारी, तुझं पत्र यायच्या आधीच, विरूला सरळ विचारलं होतं. म्हणाला, "सगळ्या तालुक्यात मारतात, तुला आमचंच रान दिसलं का?" आणि फोन ठेवला. आज्जी, मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझ्या हातानं माझ्या भावाला बेड्या पडतील. नाही सांगितलं आणि रविवारी तुला काही झालं, तर मी जगू कशी?

उद्यापासून आम्हाला आठवडाभर जंगलात नेणार आहेत. तिथं फोन नाही. रविवारी, ९ तारखेला सकाळी परत येऊ तेव्हा फोन हातात मिळेल. मी सुलाकाकूच्या फोनवर लावीन. ती म्हणाली, "आज्जी घरात आहे, पाव्हणे आले नाहीत," तर मी गप्प बसेन. आणि ती म्हणाली की तू रानात आहेस, तर मी आमच्या सरांना सगळं सांगेन. मग ते थांबणार नाही.

विरू तुझं ऐकतो. त्याला थांबव. नाहीच ऐकलं तर तू तरी घराच्या बाहेर पडू नको. पाया पडते तुझ्या.

राजी

•

वन प्रशिक्षण केंद्र
९ फेब्रुवारी २०२५

आज्जी,

सकाळी फोन हातात आला तशी सुलाकाकूला लावला. मी विचारलं, आज्जी कुठंय? ती म्हणाली, "आत्याबाई व्हय? नवी इरकल नेसून त्या पाखरापाशी बसल्यात की. पाव्हन्यांच्या गाड्या बी आल्यात. का गं, काय निरोप सांगू?" मी म्हणाले, घरी बोलवून आण, पळत जा. ती म्हणाली, "आगं त्या माझं कवा ऐकत्यात!"

माझं पत्र तुला मिळालं की नाही, मिळूनही तू का गेलीस, मला काही कळत नाही. विरूला फोन लावला, लागला नाही. परत लावला. परत. मग मी सरांच्या खोलीत गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "सख्खा भाऊ?" मी हो म्हणाले. "लिहून देशील?" मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं. वीरधवल लालासाहेब. सरांनी माझ्यासमोर तिकडं फोन लावला. आज पथक दुसरीकडं गेलंय, उद्या सोमवारी दुपारपर्यंत आपल्या मळ्यात येतील. म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत ते येऊन गेलेले असतील.

तू बरी आहेस एवढंच कुणीतरी मला कळवा. मला शिव्या दे, पण तुझ्या अक्षरात दे.

राजी

•

बेलमळा
१० फेब्रुवारी २०२५, सकाळी

राजे, माजे बाई,

आदी सांगती, मी जिती हाय, च्या पिऊन लिवाय बसलीया. पोस्टमन बिराप्पा सांजच्या आदी कडेगावला जातो, त्येच्या हातात द्यायचंय, म्हनून भराभरा लिवती.

तुजं पत्र शनवारी मिळालं. बोट ठिवून ठिवून वाचलं, मग परत वाचलं. "जयराजनं तुझ्या तोंडावरच सांगितलंय," तितं माजं बोट आडलं. येनाऱ्या जानाऱ्याला काय वाटू नये म्हनून मला बशीवलं हुतं. म्हंजे बग, एक होला आभाळातल्या पाखरांसाठी आन् एक होला रस्त्यावरच्या मानसांसाठी. आन् मी येडी इरकल काडून ठिवत हुती.

विरू आला तशी म्या पत्र त्येच्या फुडं टाकलं. त्यानं वाचलं. म्या म्हनलं, "ह्ये खरं हाय?" मान हलवली. "मग थांबीव." तर म्हनतो, "आज्जे, पावनं निघाल्यात. उद्याचं येवडं हुंदे, मग मशीन परत लावून देतो. तू घरात बस." म्या म्हनलं, "माजी नात तिकडं जंगल राखाय शिकती आन् तू हितं..."

आता तू इचारशील, मग गेलीस कशाला मरायला? राजी, मी घरात बसून त्ये थांबनार हुतं व्हय? पाखरू तर फिरनारच. तवा म्या इचार केला, आपून जायाचं. शाळवाची राखन हेच तर माजं काम, न्हवरा गेल्यापासनं मीच करती.

ऐतवारी इरकल नेसली, रिमोट घेतलं आन् जाऊन बसली. जयराजला लय आनंद झाला. पावनं उसाच्या कडंला दबा धरून बसलं. म्या बटन दाबलं. लखलख सुरू झालं आन् होलं वळलं. येऊ दिलं. पार डोक्यावर आलं, पाय सोडलं, तशी मी पोत्यावरनं उटली, गोफन फिरीवली आन् पोटातनं वरडली, "हाऽऽऽ होऽऽऽ!" समदा थवा भर्रकन कृष्णंकडं गेला.

पैल्यांदा पावनं हासलं. म्हातारीला पाखराचा येळ समजला न्हाई म्हनून. दुसऱ्यांदा हासलं न्हाईत. तिसऱ्यांदा जयराज बांदावरनं धावत आला. त्वांड हालत हुतं, मानंच्या शिरा फुगल्या हुत्या. म्या कानाला हात लावून म्हनलं, "जोरात बोल बाबा, मला ऐकू येत न्हाई." त्यो आनकी वरडला. त्येच्या वरडन्यानं बाबळीवर उरलेलं होलं बी उडालं! मला हासू आवरंना.

तेवड्यात कुनीतरी बार टाकला. एक होला चुकून खाली आलता, त्येच्यावर. छातीवर थप् झालं आन् डाव्या हाताला इंगळी डसल्यागत झालं. इरकलीवर ठिपकं उमटलं. मी खाली बसली. तर समोर विरू. दोनी हात पसरून माज्या म्होरं हुबा, पावन्यांकडं त्वांड करून. त्यो काय वरडत हुता मला ऐकू आलं न्हाई. पाठ तेवडी दिसत हुती.

पावनं गाडीत बसून पळालं. जयराज बी गाठुडं घिऊन पळाला. विरूनं त्ये पाखरू सळीसकट उपटलं आन् हिरीत टाकलं. मग माज्या पायापाशी बसून ल्हान पोरागत रडला. म्हनला, आज्जे, आता पुन्यांदा न्हाई. खरंच न्हाई.

हात बरा हाय. सुलाबाईनं हळद भरलीया. डाक्टरकडं ग्येली न्हाई, डाक्टर इचारतो कशानं झालं. डावाच हाय म्हनून बरं, लिवाय येतंय.

तवा राजी, समदं मिटलंय बग. तू लिवलं हुतंस, अजून कुनाला सांगितलं न्हाई. आता सांगू बी नगंस. पोरगं सुदारलंय. सुलाबाई म्हनत हुती तुजा फोन आलता, पर तिला नीट सांगाय येत न्हाई, ती काय बोलली आसंल त्ये मनाव घिऊ नगंस. तुज्या साहेबास्नी काय बोलू नगंस. मी तुज्याकडं आजवर काय मागितलं न्हाई, येवडं एक मागती.

बिराप्पानं घंटी वाजीवली आसंल, सुलाबाई हात करतीया. थांबती.

आज्जी

•

बेलमळा
२४ फेब्रुवारी २०२५

राजी,

तुजी दोन पत्रं येऊन पडल्यात. उत्तर दिलं न्हाई. एक लिवलं हुतं, त्ये चुलीत घातलं. त्यात जे लिवलं हुतं त्ये तू वाचाय नगं.

आता सांगती, काय काय झालं त्ये.

म्या बिराप्पाच्या हातात पत्र दिलं आन् दुपारी जीप आली. खाकी कपडं बगून मला वाटलं तूच आलीस. खरंच. पळत ग्येली मी. तर दुसरीच पोरगी हुती, तुज्याच वयाची, रेश्मा म्याडम. संगं चार-सहा मानसं. विरू जीप बगून उसात शिरला.

म्याडम माज्या कानाशी येऊन बोलली, "आज्जी, इथं होले मारतात अशी तक्रार आहे." म्या वळकलं कुनी सांगितलं त्ये. राजी, खरं सांगती, तवा माजा जीव जळला. म्या जे पत्र आत्ताच धाडलं त्यात पदर पसरला हुता, आन् हितं जीप दारात. म्या ठरीवलं, तोंडातनं अक्षार काडायचं न्हाई. त्यास्नी पिसं घावली. सुपातलं छर्रं घावलं. पाखरू घावलं न्हाई. म्याडम इचारत हुती, बंदूक कुनाची, कोन कोन येतं, आन् मी "ऐकू येत न्हाई, ऐकू येत न्हाई" म्हनत हुती. आविश्यात पैल्यांदा माजं बहिरंपन माज्या उपेगाला आलं, आन् त्येची मला लाज वाटली.

मग ती म्हनली, "आज्जी, हात पदराखाली का धरलाय?"

म्या आनकी आत वडला. हात सुजला हुता, ऊन ऊन झाला हुता. तिनं पदर हळूच बाजूला केला. जीपमदल्या मानसाला म्हनली, दवाखान्यात न्यायला लागेल. म्या म्हनलं, काटा लागलाय. ती म्हनली, "काटे एवढे सारखे लागत नाहीत, आज्जी."

तशी उसाची पानं हालली. विरू भाईर आला. सोताच. अंगाला पाचट चिकाटलेली. त्यानं माज्याकडं बगितलं बी न्हाई, सरळ म्याडमच्या फुडं जाऊन हुबा राह्यला आन् म्हनला, आसं सुलाबाईनं मला मागनं सांगितलं, "तिचा हात आदी बगा. मग माजं काय करायचं त्ये करा. समदं सांगतो." दोर सोडून हिरीत उतरला आन् पाखरू काडून दिलं. पंख वाकडं झालं हुतं, पर वर आल्यावर बी त्येनं एक गिरकी घेतली, पानी उडीवत. कुनी हासलं न्हाई. जयराजचं नाव सांगितलं, पावन्यांची सांगितली. जयराजला उंब्रजातनं बंदुकीसकट आनला. त्यो म्हनतो, समदं विरूनंच केलं.

विरूला कोठडीत ठिवलं हुतं. आता जामिनावर घरी आलाया. फुडं कोर्टाच्या तारखा हाईत. तुज्या बापाला कळलंय. त्यो फोनवर विरूला काय बोलला म्हाईत न्हाई.

घर गप झालंय. पावनं येत न्हाईत. शाळू मळून झाला. विरू शेळीचं बगतो, माजं बगतो, भाकरी बी थापतो, जाड. चांगल्या म्हनून खाती.

राजी, मला तुजा राग आलता. आता सांगती त्ये नीट वाच. त्या दिशी तू सांगितलं नसतंस आन् म्याडम आली नसती, तर मी हळद भरून घरातच बसली असती. डाक्टर म्हनला, अजून चार रोज गेलं असतं तर हात ठेवता आला नसता. ह्ये मला समजायला चुलीत एक पत्र घालाय लागलं. म्या मागितलं त्ये तू दिलं न्हाईस, त्ये बरं केलंस. येवडं लिवाय मला दोन आठवडं लागलं, माज्या दुसरीच्या शिक्षानाला त्ये धरूनच हाय.

हात आता बरा हाय. समदं छर्रं काडलं. काळजी करू नगंस.

विरूला म्हनलं, राजीला चार अक्षारं लिव. त्यो म्हनतो, कुटल्या तोंडानं लिवू. म्या म्हनलं, हातानं लिवायचं आसतंय. कागदाखाली जागा ठिवलीया. लिवलं तर लिवलं, न्हाईतर मोकळीच येईल तुज्याकडं.

तुजी
आज्जी

राजी,

आज्जी झोपली आहे, म्हणून लिहितोय. सगळे छर्रे काढले हे तिनं खोटं लिहिलंय. एक हाडाला चिकटून आहे. डॉक्टर म्हणाले, काढायला गेलं तर बोटं जातील, राहू दे. तिच्या करंगळीत आता जाणीव नाही. भाकरी ती थापत नाही ती त्यामुळं.

तिनं मला शपथ घातली होती, राजीला कळू द्यायचं नाही. पण तिला तू आता खोटं बोलणार नाहीस, आणि मी तुला.

तारखेला मी सगळं कबूल करणार आहे. बाबा वकील देतो म्हणाले, मी नको म्हणालो. कोर्टात तुझं नाव तक्रारदार म्हणून घेतील तेव्हा मान खाली घालू नको. मी तिथंच उभा असेन.

विरू